कॅज्युअल्टीतली रांग दारात तयार होत नाही

गेल्या पावसाळ्यात माझा मेहुणा सांगलीजवळच्या कवलापूरच्या रस्त्यावर दुचाकी घसरून पडला. मनगट सुजून दुप्पट झाले होते, म्हणून रात्री बाराच्या सुमारास आम्ही त्याला एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात व तातडीच्या विभागात, घेऊन गेलो. केसपेपर निघाला. एका तरुण डॉक्टरांनी हात पाहिला, नखे दाबून रक्तप्रवाह तपासला, बोटे हलवायला सांगितली, हाताला फळी बांधून दुखणे कमी करणारे इंजेक्शन दिले आणि "थांबा, एक्स-रेला बोलावतो" असे सांगून ते दुसऱ्या रुग्णाकडे वळले. बोलावणे आले तेव्हा तीन वाजले होते, आणि प्लास्टर होऊन बाहेर पडलो तेव्हा पाच. मधल्या वेळेत, अडीचच्या सुमारास, मळ्यातल्या वस्तीवरची एक बाई नवऱ्याच्या मागून स्वतःच्या पायांनी चालत आली. "पोटात दुखतंय, आन् डोळं लई जड झाल्यात," एवढेच ती म्हणाली. टेबलापाशी बसलेल्या सिस्टरनी तिला वर बघायला सांगितले, जीभ बाहेर काढायला सांगितली, ती जमिनीवर झोपली होती का एवढे विचारले आणि मिनिटभरात तिला आत नेले. बाकावरचे एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "आम्ही बारापासून बसलोय, आणि ही आत्ता आली." मीही मान डोलावली, हे कबूल केले पाहिजे. तिला मण्यार चावली होती, हे आम्हाला पहाटे कळले.

त्या रात्रीनंतर मी हा विषय समजून घेण्याचा प्रयत्न केला. कॅज्युअल्टीत बसलेल्या माणसाच्या मनात साधारणपणे दोन प्रश्न असतात. माझा नंबर कोण ठरवतो, हा पहिला. आणि सगळ्यांनाच एवढा वेळ का लागतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर कॅज्युअल्टीच्या खोलीत सापडत नाही, त्यासाठी जिना चढून वॉर्डात आणि तिथून कर्मचाऱ्यांच्या हजेरीपटापर्यंत जावे लागते.

तातडीच्या विभागात आधी येणाऱ्याचा नंबर आधी लागत नाही. ज्याचा जीव आधी जाऊ शकतो त्याचा आधी लागतो. या वर्गवारीला ट्रायएज म्हणतात. हा मूळ फ्रेंच शब्द असून नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डॉमिनिक झाँ लारे यांनी जखमी सैनिकांचा हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचार करण्याची जी रीत घातली, तिच्याशी या पद्धतीचा इतिहास जोडला जातो. आज ठिकठिकाणी तिची वेगवेगळी रूपे आहेत. दिल्लीच्या एम्समध्ये लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन रंग वापरतात. ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या मँचेस्टर पद्धतीत पाच रंग आहेत आणि प्रत्येकाला डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याची मुदत ठरवून दिलेली आहे: लाल म्हणजे तत्काळ, नारिंगी म्हणजे १० मिनिटांत, पिवळा ६० मिनिटांत, हिरवा १२० आणि निळा २४० मिनिटांत. म्हणजे मनगट मोडलेल्या पण बोटांचा रक्तपुरवठा शाबूत असलेल्या माणसाने दोन तास थांबणे त्या पद्धतीत गृहीतच धरलेले आहे. ही विभागणी करताना श्वासाची गती, नाडी, रक्तदाब, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण आणि शुद्धीची पातळी पाहतात. आवाज किती मोठा आहे, हे पाहिले जात नाही. उलट जो ओरडू शकतो त्याचा श्वासमार्ग मोकळा आहे आणि मेंदूला रक्त पोहोचते आहे, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

मण्यारीचे उदाहरण म्हणूनच बोलके आहे. तिचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. जागेवर सूज जवळजवळ नसते, वेदनाही फारशी नसते, आणि पुष्कळदा पोटदुखी हेच पहिले लक्षण असते. मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, आणि काही तासांत श्वास घेणारे स्नायू लुळे पडतात. आपल्या बाजूच्या उसाच्या आणि द्राक्षांच्या शिवारात मण्यार, नाग, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आढळतात. त्यामुळे पापणीकडे बघणारी एक अनुभवी सिस्टर दाराशी बसलेली असणे, ही इथल्या कॅज्युअल्टीची किती मोठी गरज आहे हे लक्षात यावे. माणसे कमी पडली की सर्वांत आधी हीच खुर्ची रिकामी होते, कारण आत सलाईन लावायला कुणीतरी हवे असते. खुर्ची रिकामी झाली की रांग ठरवण्याचे काम गर्दीकडे जाते, आणि गर्दी ते ओळखीने आणि आवाजाने करते.

थांबण्याचा काही भाग हा उपचाराचाच भाग असतो, हेही इथेच सांगायला हवे. घोणस चावल्याचा संशय असेल तर रुग्णाचे थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. त्यानंतरही ते गोठले नाही, तर विषाने रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडवली आहे असे समजतात. ती २० मिनिटे बाहेरून पाहणाऱ्याला आळस वाटू शकतात. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत निघाला पाहिजे, पण हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का हे सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी पुष्कळदा काही तासांनी पुन्हा करावी लागते, कारण सुरुवातीला ती निर्दोष येऊ शकते. डोक्याला मार लागलेल्या माणसाला नुसते निजवून दर थोड्या वेळाने शुद्ध तपासणे, हादेखील उपचारच आहे. फक्त हे सगळे नातेवाइकांना सांगायला जो अर्धा मिनिट लागतो, तोही कुणाकडे उरलेला नसतो.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर तातडीचा उपचार नाकारता येत नाही. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने, जीव वाचवण्यासाठी तत्काळ मदत देणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत, असे स्पष्ट केले. पुढे १९९६ साली, पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला खाट नाही म्हणून एकापाठोपाठ एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते, त्या प्रकरणात न्यायालयाने राज्याला २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली आणि पैशांची चणचण ही सबब चालणार नाही असे बजावले. हा हक्क उपचाराचा आहे. पहिल्या क्रमांकाचा नाही. पण खाट नाही हे कारण न्यायालयाने नाकारले असले, तरी खाट नसते ही वस्तुस्थिती मात्र उरतेच, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथूनच सुरू होते.

एक साधा हिशेब करू. यातले आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. एका कॅज्युअल्टीत २५ ट्रॉल्या आहेत, तासाला सरासरी ६ रुग्ण येतात आणि प्रत्येकाची तपासणी, रक्त, एक्स-रे, औषध मिळून ४ तास जातात. मग कोणत्याही क्षणी आत सरासरी ६ गुणिले ४ म्हणजे २४ माणसे असतील, आणि २५ ट्रॉल्यांत ती कशीबशी मावतील. येणाऱ्यांचा वेग आणि थांबण्याचा काळ यांचा गुणाकार म्हणजे आत असलेली माणसे, हा नियम जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ साली गणिताने सिद्ध केला आणि तो बँकेपासून टोलनाक्यापर्यंत सगळीकडे लागू पडतो. आता असे समजा की, येणाऱ्या सहांपैकी दोघांना ॲडमिट करावे लागते, पण वर वॉर्डात खाट रिकामी नसल्यामुळे प्रत्येकाला कॅज्युअल्टीतच आणखी ६ तास ठेवावे लागते. २ गुणिले ६ म्हणजे १२ ट्रॉल्या अशा माणसांनी अडल्या, ज्यांचे कॅज्युअल्टीतले काम केव्हाच संपलेले आहे. नव्यांसाठी उरल्या १३, आणि गरज तर २४ची. बाहेरच्या बाकांवर, व्हरांड्यात आणि जिन्याच्या पायऱ्यांवर जी माणसे दिसतात ती या वजाबाकीतली बाकी आहे. जगभरच्या अभ्यासकांनी तातडीच्या विभागांतल्या गर्दीची जी कारणे मांडली आहेत, त्यांत किरकोळ दुखणी घेऊन येणाऱ्यांपेक्षा वर जाऊ न शकणारे ॲडमिट रुग्ण हे कारण फार वजनदार मानले जाते. आपल्याकडे मात्र दोष पटकन "सर्दी-खोकल्याला सुद्धा सिव्हिल गाठतात" असा रुग्णांवर ढकलला जातो. सर्दी-खोकलावाला एका चिठ्ठीत पाच मिनिटांत जातो, तो ट्रॉली अडवत नाही.

मग वरची खाट का रिकामी होत नाही? सकाळी राउंड होतो. मोठे डॉक्टर "यांना सोडा" असे सांगतात. पण डिस्चार्जचा कागद लिहिणारे रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेत काम करणारे डॉक्टर, त्याच वेळी ओपीडीत किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये हवे असतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतला रुग्ण असेल तर संगणकावर फोटो आणि कागद चढवायचे राहिलेले असतात. औषधांच्या खिडकीवर रांग असते. नातेवाईक जतहून यायचे असतात, आणि जत मिरजेपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे; ते दुपारच्या एसटीने येतात. खाट प्रत्यक्षात चार-पाच वाजता मोकळी होते, मावशी ती पुसून चादर घालेपर्यंत आणखी वेळ जातो, आणि तोवर सकाळी अकरापासून आलेल्यांनी कॅज्युअल्टी भरून गेलेली असते. शनिवार-रविवारी राउंड आणि तपासण्या मंदावतात, डिस्चार्ज लांबतात, म्हणून सोमवारचा दिवस हमखास तुंबतो. सोमवारी लोक जास्त आजारी पडत नाहीत.

इथे आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, जी सहज बुद्धीला पटत नाही. कामाचा भार आणि थांबण्याचा काळ एकाच प्रमाणात वाढत नाहीत. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली, एका वेळी किती फोन आले तर किती वाहिन्या पुरतील याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि रांगांचे शास्त्र तिथून उभे राहिले. त्या शास्त्रातला सर्वांत साधा नमुना घेऊ: एकच डॉक्टर, एका रुग्णाला सरासरी १५ मिनिटे, रुग्ण येण्याची वेळ अनिश्चित. डॉक्टरांचा ८० टक्के वेळ कामात जात असेल, तर प्रत्येक रुग्णाला सरासरी १ तास थांबावे लागते. ९० टक्के जात असेल तर सव्वादोन तास. ९५ टक्क्यांना पावणेपाच तास. भार ८० वरून फक्त ९५ टक्क्यांवर गेला, पण थांबणे जवळपास पाचपट झाले, कारण कोणत्याही क्षणी अचानक आलेले दोन रुग्ण सामावून घ्यायला मोकळी जागाच उरलेली नसते. रिकामे बसलेले डॉक्टर किंवा रिकामी खाट दिसली की आपल्याला ती उधळपट्टी वाटते. तातडीच्या सेवेत ती थोडीशी रिकामी जागा म्हणजे अग्निशमन दलाची उभी असलेली गाडी असते. १००पैकी १०० खाटा कायम भरलेल्या असणे हे रुग्णालय लोकप्रिय असल्याचे लक्षण म्हणून सांगितले जाते, तेव्हा मला त्या वाक्याची भीती वाटते.

हाच नमुना आता माणसे कमी पडण्याला लावू. तासाला सरासरी ३.२ रुग्ण येत आहेत आणि डॉक्टर प्रत्येकाला १५ मिनिटे देत आहेत, म्हणजे ८० टक्के भार आणि १ तास थांबणे. त्या पाळीला कक्षसेवक नाही, ज्यांना सगळेच मामा म्हणतात ते. मग ट्रॉली कुणी ढकलायची, सॅम्पल प्रयोगशाळेत कुणी पोहोचवायचे, रक्तपेढीत कुणी जायचे? थोडे नातेवाईक करतात, थोडे इंटर्न, आणि थोडे स्वतः डॉक्टर. त्यात प्रत्येक रुग्णामागे फक्त ३ मिनिटे जास्त गेली असे धरा. १५ची १८ मिनिटे झाली, भार ९६ टक्क्यांवर गेला, आणि हिशेबाने सरासरी थांबणे निघते ७ तास १२ मिनिटे. प्रत्यक्षात डॉक्टर एकापेक्षा जास्त असतात, पहाटे गर्दी ओसरते, काही लोक कंटाळून खासगीत जातात, म्हणून घड्याळात अगदी हाच आकडा दिसणार नाही. पण वळण असेच असते. एका मामाची गैरहजेरी पगारपत्रकात क्षुल्लक दिसते. बाकावर ती तासांत मोजली जाते. अपघात, विषबाधा, सर्पदंश, भाजणे या सगळ्या नोंदी एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या, असतात. त्यांचे लेखनही पुष्कळदा याच डॉक्टरांच्या १५ मिनिटांतून होते.

परिचारिकांचा हिशेब वेगळ्या तऱ्हेने फसवा आहे. वर्षात ८ तासांच्या १,०९५ पाळ्या असतात. एका परिचारिकेच्या ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण मिळून आणखी ३५ दिवस वजा केले, तर ती २७८ पाळ्या करते. म्हणजे एका जागी चोवीस तास एक परिचारिका उभी दिसायची, तर चार जणी नेमाव्या लागतात. त्या चौघींपैकी एक पद रिक्त असेल तर वर्षातल्या २६१ पाळ्यांना कुणीच नाही. त्या पाळ्या मग शेजारच्या वॉर्डातून उसन्या घेतात, किंवा सकाळची पाळी केलेलीलाच रात्री पुन्हा बोलावतात. "चारपैकी तीन पदे भरलेली आहेत" हे वाक्य कागदावर समाधानकारक वाटते, पण त्याचा अर्थ दर चौथ्या पाळीला जागा रिकामी असा आहे. आणि परिचारिका नसलेली खाट ही खाट नसते, नुसते फर्निचर असते. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक परिचारिका हवी असे मानले जाते; व्हेंटिलेटर देणगीतून एका दिवसात येतो, त्याचे उद्घाटन होते, फोटो छापून येतो, आणि त्याच्यामागे लागणाऱ्या चार परिचारिकांचा पगार कुणी देणगीत देत नाही.

रेसिडेंट डॉक्टरांची गोष्ट याहून जुनी आहे. त्यांना साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये, असे केंद्र सरकारचे १९९२ सालचे निर्देश आहेत. ज्या दिवशी एखाद्या युनिटचा इमर्जन्सी डे, म्हणजे तातडीचे रुग्ण घेण्याची पाळी, असतो, त्या दिवशी सकाळी कामावर आलेला रेसिडेंट दुसऱ्या दिवशीची ओपीडी उरकूनच खोलीवर जातो, हे कोणत्याही शासकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात विचारून पाहावे. मार्ड ही त्यांची संघटना संप करते तेव्हा बातम्या विद्यावेतनाच्या येतात. मागण्यांत वसतिगृह, सुरक्षा आणि कामाचे तासही असतात.

पदे रिक्त का राहतात, याचे एकच एक उत्तर नाही. मंजूर पदांचा आकृतिबंध जुना असतो आणि रुग्णसंख्या नवी. भरती परीक्षा, न्यायालयीन तक्रारी आणि आचारसंहिता यांत अडकते. दरम्यान कंत्राटी माणसे घेतात, आणि अकरा महिन्यांच्या करारावरचा माणूस पहिली संधी मिळताच जातो. प्रतिनियुक्तीवर गेलेला कर्मचारी पगार एका गावात घेतो आणि काम दुसऱ्या गावात करतो, म्हणून कागदावर पद भरलेले आणि वॉर्डात माणूस नाही, अशी स्थिती होते. नवी महाविद्यालये निघतात, उदाहरणार्थ शेजारच्या साताऱ्यात २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि ते हवेच होते. पण अनुभवी अध्यापक रातोरात तयार होत नाहीत, ते जुन्या ठिकाणांहूनच जातात. एमबीबीएस झालेल्यांना राज्यात एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे, न केल्यास १० लाख रुपये दंड आहे, पण ज्याला पुढच्या परीक्षेचा अभ्यास करायचा आहे तो तेही गणित मांडतोच. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा रिक्त पदांचा हा प्रश्न काही आठवडे पहिल्या पानावर आला होता.

मिरजेची विसंगती याहून टोचणारी आहे. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय उभे केले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, रेल्वे जंक्शनमुळे कर्नाटक आणि सोलापूरकडचे रुग्ण येत गेले, आणि गावाचे वैद्यकनगरी हे नाव पडले. एवढे डॉक्टर असलेल्या गावात सरकारी पद रिक्त का? कारण याच गावात बाजारही सर्वांत तेज आहे. भूलतज्ज्ञाला चार खासगी रुग्णालयांतून दर केसमागे बोलावणे येते; सरकारी वेतनश्रेणी त्या दराशी स्पर्धा करू शकत नाही. दुसरीकडे, सांगली आणि मिरज इथली दोन्ही मोठी शासकीय रुग्णालये याच महाविद्यालयाशी जोडलेली आहेत, त्यामुळे वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ग्रामीण रुग्णालये मात्र सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत. रुग्णाला हा भेद माहीत नसतो. ग्रामीण रुग्णालयात रात्री भूलतज्ज्ञ नाही म्हणून सिझेरियन होत नाही, चिठ्ठीवर "पुढील उपचारासाठी रेफर" लिहिले जाते, आणि एका विभागाची रिक्त जागा दुसऱ्या विभागाच्या कॅज्युअल्टीत माणूस होऊन पोहोचते. १०८ क्रमांकाची सेवा राज्यात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचवले. पण तिने रस्त्यावरचा वेळ कमी केला, दारापुढचा नाही. कॅज्युअल्टीत ट्रॉली मोकळी नसेल, तर रुग्ण रुग्णवाहिकेच्याच स्ट्रेचरवर पडून राहतो आणि ती गाडी पुढच्या अपघाताला निघू शकत नाही.

हे दुखणे फक्त आपले नाही. इंग्लंडमध्ये तातडीच्या विभागातल्या ९५ टक्के रुग्णांचा निकाल ४ तासांत लागावा असे उद्दिष्ट आहे, आणि जुलै २०१५ नंतर ते देशपातळीवर एकदाही गाठले गेलेले नाही. फरक एवढा की, तिथे हा आकडा दर महिन्याला प्रसिद्ध होतो आणि त्यावरून सरकारला जाब विचारला जातो. आपल्या जिल्ह्यात खाटांची संख्या विचारली तर लगेच सांगतात. आज सकाळी आठ वाजता ॲडमिट झालेले पण वॉर्डात खाट न मिळालेले किती रुग्ण कॅज्युअल्टीत होते, हा एक आकडा रोज फळ्यावर लिहिला गेला, तर नियोजन समितीच्या बैठकीत नव्या इमारतीऐवजी परिचारिकांवर बोलणे भाग पडेल, असे मला वाटते. तातडीचे वैद्यक हा स्वतंत्र विषय म्हणून आपल्याकडे मान्यता पावला तोच २००९ साली. तोवर कॅज्युअल्टी म्हणजे एक सीएमओ (कॅज्युअल्टीचा वैद्यकीय अधिकारी) आणि काही इंटर्न, अशीच सर्वसाधारण समजूत होती, आणि अजून ती पुरती गेलेली नाही.

बाकावर बसलेल्या माणसाचा राग खरा असतो. पण तो ज्याच्यावर निघतो तो त्या सगळ्या साखळीतला सर्वांत तरुण आणि सर्वांत कमी अधिकार असलेला माणूस असतो. महाराष्ट्रात २०१० पासून रुग्णालयातील हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब तोच राहतो: एका हाणामारीनंतर काम दोन तास थांबले, की त्या दोन तासांत आलेले सगळे रुग्ण पुढच्या रांगेत जमा होतात.

थांबण्याच्या काळात नातेवाइकाला करता येण्यासारखे बरेच असते. आपला रुग्ण आल्यावेळेपेक्षा बदलला तर गप्प बसू नये: नव्याने गुंगी आली, बोलणे जड झाले, दम लागला, घाम फुटून छाती भरून आली, रक्ताची उलटी झाली, पापण्या मिटू लागल्या, तर उठून सिस्टरना नेमक्या शब्दांत तेवढेच सांगावे. "किती वेळ लागेल" यापेक्षा "मघाशी बोलत होते, आता हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत" या वाक्याने रुग्णाचा ट्रायएजमधला रंग बदलतो, कारण वर्गवारी एकदा करून संपत नाही. पक्षाघाताचा संशय असेल तर माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ सांगावी. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. फवारणीच्या औषधाची बाधा असेल तर त्याची बाटली किंवा लेबल बरोबर न्यावे. साप चावला असेल तर दंशाची वेळ सांगावी, आवळून दोरी बांधू नये, चिरा देऊ नये आणि साप शोधत बसू नये. चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि जुनी फाईल पिशवीत असली, तर डॉक्टरांची जी मिनिटे वाचतात त्यांची किंमत वरच्या हिशेबात दिसलेलीच आहे.

आणि आपला माणूस वर वॉर्डात असेल व डॉक्टरांनी उद्या सोडतो म्हटले असेल, तर गाडीची व्यवस्था आदल्या रात्रीच करावी, योजनेचे कागद आणि झेरॉक्स तयार ठेवावेत, आणि सकाळच्या राउंडलाच डिस्चार्जच्या कागदाची आठवण करावी. पाचऐवजी अकराला मोकळी झालेली ती खाट खाली ट्रॉलीवर रात्रभर पडून असलेल्या कुणाला तरी मिळते, आणि त्याची ट्रॉली दाराबाहेरच्या रुग्णवाहिकेतल्या माणसाला.